दहा दाणे की शंभर? शक्यतेचा हिशेब संगणकावर



सुरुवात घरच्याच अनुभवाने करतो. मी शाळेत असताना वडिलांनी घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. सात उगवले. सत्तर टक्के उगवण आहे असे समजून पेरणी केली. पाऊस वेळेवर झाला, पण शेतात जागोजागी नांगे पडले आणि निम्म्या रानात दुबार पेरणी करावी लागली. पुढे कृषि पदवीच्या वर्गात संभाव्यता शिकताना कळले की चूक तपासण्यात नव्हती, दहाच दाणे घेण्यात होती. ही चूक किती महाग पडू शकते, हे आज घरातल्या संगणकावर किंवा मोबाईलवर पाच मिनिटांत काढता येते. कसे ते पाहू.

मोजता येणाऱ्या गोष्टी

दाणा उगवतो किंवा उगवत नाही. अर्धा उगवत नाही. अशा मोजून सांगता येणाऱ्या गोष्टींच्या शक्यतेला द्विपद वितरण म्हणतात. एक्सेल, गुगल शीट्स, लिबरऑफिस कॅल्क यांपैकी कोणत्याही तक्त्यात त्यासाठी 'बायनॉम डॉट डिस्ट' हे सूत्र आहे. सूत्राचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे, त्याआधी बरोबरचे चिन्ह द्यावे आणि कंसात चार आकडे क्रमाने भरावेत : किती उगवले, एकूण दाणे किती, एका दाण्याची उगवण्याची शक्यता किती, आणि शेवटी ० किंवा १. शेवटी ० लिहिल्यास नेमक्या तेवढ्याच दाण्यांची शक्यता मिळते. १ लिहिल्यास तेवढे किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची.

सोपे उदाहरण घेऊ. ७० टक्के उगवणीचे बी टोकण पद्धतीने एका जागी दोन दाणे असे लावले. जागा रिकामी राहण्याची शक्यता? कंसात (०, २, ०.७, ०) भरा. उत्तर ०.०९ येते, म्हणजे हजार जागांत सुमारे ९० नांगे. तीन दाणे टोकले तर (०, ३, ०.७, ०), उत्तर ०.०२७, नांगे सुमारे २७. बियाण्याचा वाढीव खर्च आणि नांगे भरण्याची मजुरी यांची तुलना आता आकड्यांनी करता येईल.

आता वडिलांच्या दहा दाण्यांकडे वळू. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. समजा बियाण्याची खरी उगवण ५५ टक्केच आहे. तरीही दहांत सात किंवा अधिक दाणे उगवण्याची शक्यता किती? १ मधून बायनॉम डॉट डिस्ट (६, १०, ०.५५, १) वजा करा. उत्तर ०.२७ येते. म्हणजे असे कमकुवत बी चारांत एकदा परीक्षेत पास होते! शंभर दाणे घेऊन हाच हिशेब करा : १ वजा (६९, १००, ०.५५, १). आता फसण्याची शक्यता हजारात एक-दोन एवढीच उरते.

उलटही घडते. ८० टक्के उगवणीचे चांगले बी दहा दाण्यांच्या चाचणीत सहा किंवा कमी दाणे दाखवून शंभरात बारा वेळा नापास होते. शंभर दाण्यांत ७० पेक्षा कमी उगवण्याची शक्यता मात्र शंभरात एकाहूनही कमी आहे.

म्हणून गोणपाट ओले करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. दाणे न निवडता, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्या. गुंडाळी सावलीत ओलसर ठेवा आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० ला एकरी ३० किलो बी धरले, तर ६० उगवणीला ३५ किलो लागेल.

मापता येणाऱ्या गोष्टी

उत्पादन मात्र ७ क्विंटल, ७.३ क्विंटल असे कितीही असू शकते. अशा आकड्यांसाठी बहुधा प्रसामान्य वितरण वापरतात. त्यात बहुतेक आकडे सरासरीच्या आसपास असतात आणि दोन्ही बाजूंना विरळ होत जातात. आपल्या वहीतले मागील दहा वर्षांचे एकरी उत्पादन तक्त्यात एकाखाली एक भरा. 'ॲव्हरेज' सूत्र सरासरी देते, 'स्टडेव्ह डॉट एस' चढउताराचे माप देते. या मापाला प्रमाण विचलन म्हणतात.

समजा दोन शेतकऱ्यांची सरासरी ८ क्विंटल आहे. पहिल्याचे विचलन २, दुसऱ्याचे ३. खर्च निघायला ६ क्विंटल लागतात. तोट्याची शक्यता काढण्यासाठी 'नॉर्म डॉट डिस्ट' मध्ये (६, ८, २, १) भरा : उत्तर ०.१६. दुसऱ्यासाठी (६, ८, ३, १) : उत्तर ०.२५. सरासरी एकच, पण पहिला साधारण सहा वर्षांत एकदा तोट्यात जातो, तर दुसरा चार वर्षांत एकदा.

कर्ज घेताना उलटे सूत्र वापरा. 'नॉर्म डॉट इन्व्ह' मध्ये (०.२, ८, २) भरल्यास ६.३ येते. म्हणजे पाचांपैकी चार वर्षे किमान ६.३ क्विंटल मिळेल. दुसऱ्या शेतकऱ्यासाठी हा आकडा ५.५ आहे. हप्ता या आकड्यावर बेता, ८ वर नव्हे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली, आठवड्याच्या पावसाला हे सूत्र लावू नका. अनेक आठवडे कोरडे जातात आणि एखाद्यात धो धो कोसळतो. तो आकार प्रसामान्य नसतो. दुसरी, दहा वर्षांच्या नोंदी हा तसा लहानच नमुना आहे, म्हणून उत्तर अंदाज समजा आणि दरवर्षी नवा आकडा भरत जा.

संगणक पाऊस पाडत नाही की बी उगवत नाही. पण पेरणीपूर्वी आपण किती धोका पत्करतो आहोत हे तो सांगतो. येत्या हंगामाआधी एवढे कराच : शंभर दाणे मोजा आणि वहीतले आकडे तक्त्यात उतरवा.