आंधी आली तेव्हा पंप गाडीच्या टपावर होता

आज हप्ता, व्याज, बँकेचे कागद यातलं काही बोलणार नाही. आज वाळवंटातल्या धुळीच्या वादळाबद्दल सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपला आणि वाळवंटाचा काय संबंध? आम्हालाही तसंच वाटत होतं.

आमच्या गटातल्या बाया गोधड्या शिवतात. राजस्थानात बाडमेरकडे बायका कापडावर कापडाचे कातरलेले तुकडे शिवून फार देखण्या चादरी करतात. ते काम बघायला आम्ही चौदा जणी गेलो. महिना मे. तो मीच ठरवला, पोरांना सुट्ट्या म्हणून. तिकडच्या कुणाला आधी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की मे-जून म्हणजे तिथे आंधीचे दिवस.

जैसलमेरहून बाडमेर साधारण दीडशे किलोमीटर. निघताना मी सगळ्यांना बजावलं, "पिशव्या टपावर टाका, पायात दाटी नको." सगळ्यांनी ऐकलं. आमच्यातल्या एका मावशींना दमा आहे. त्यांचा पंप त्यांच्या पिशवीत होता आणि पिशवी टपावर, ताडपत्रीखाली.

दुपारी चारच्या सुमाराला वारा एकदम पडला. पान हलेना. उकाडा असा, की जीव घाबरा व्हावा. ड्रायव्हरदादांनी बोट दाखवलं. पश्चिमेला आभाळाच्या कडेला तांबूस-पिवळी भिंत उभी होती. मला तो डोंगरच वाटला. पण डोंगर सरकत होता.

आपल्याकडे वावटळ येते, ती गोल फिरते आणि निघून जाते. आंधी तशी नाही. उन्हानं जमीन भट्टीसारखी तापते, वर ढग तयार होतात आणि ढगातून थंड हवेचा लोंढा खाली कोसळतो. जमिनीवर आपटून तो चहूकडे पसरतो आणि पुढ्यात सापडेल ती सुटी माती उचलून नेतो. म्हणून पुष्कळदा धुळीच्या मागोमाग विजा आणि पाऊस येतो. आडोसा म्हणून झाडाखाली थांबू नये, ते यासाठी. फांदी मोडते आणि वीजही पडते.

दादांनी गाडी एका वस्तीकडे वळवली. दगडी खोली, पुढे गुरांचं पत्र्याचं छप्पर, कडेला खेजडीचं झाड. खेजडी म्हणजे आपली शमी. दारातल्या बाईंनी लांबूनच हात हलवून बोलावलं. दादा त्यांना काकीसा म्हणाले, मग आम्हीही. त्या बाईंचा हात किती झपाट्यानं चालत होता! आधी चुलीवर पाणी ओतलं. का, ते मला नंतर कळलं. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली, तर गवताची अख्खी झोपडी पेटते. मग टांक्यावर झाकण ओढलं. टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीखालचं टाकं, त्यात धूळ गेली तर प्यायचं काय? बाज आत घेतली, शेळ्या भिंतीच्या आडोशाला बांधल्या, आणि आम्हा चौदा जणींना खोलीत ढकलून कडी लावली.

पुढच्या क्षणी अंधार. दिवसा चार वाजता हाताचा पंजा दिसेना. दाराच्या फटीतून धूळ पिठासारखी आत येत होती, दाताखाली करकरत होती. आणि मावशींचा श्वास वाजायला लागला.

मी दार उघडून बाहेर गेले. मैत्रिणींनो, ही चूक होती. गाडी पंधरा पावलांवर होती, पण मला ती दिसलीच नाही. डोळ्यांत वाळू गेली, भिंत चाचपडत परतले. तेवढ्यात कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं. वादळ ओसरल्यावर पाहिलं, तर छपराचा पत्रा कुंपणात घुसून दुमडला होता. काकीसांनी मनगट धरून मला आत खाली बसवलं, ते सोडलंच नाही.

मावशींना त्यांनी आडवं होऊ दिलं नाही. दारापासून लांबच्या कोपऱ्यात ताठ, जरा पुढे झुकवून बसवलं. ओढणी पाण्यात भिजवून, पिळून, दुहेरी करून नाका-तोंडावर धरायला दिली. ओली फडकी सगळ्यांनाच दिली. साधारण पाऊण तास गेला. दादांनी पंप आणून दिला, तेव्हा मावशींचे ओठ काळपट दिसत होते. पुढे बाडमेरच्या दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला. पाच-सहा तासांचा तो रस्ता परत आठवायला नको वाटतो... खरं तर तासा-दीड तासाचाच होता.

धुळीला आपण घाबरतो, पण जास्त माणसं मरतात ती अंगावर काही पडून. 2 मे 2018 च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात वादळानं शंभरावर माणसं गेली. त्यातली बरीच घरात झोपलेली होती, अंगावर भिंती आणि छपरं कोसळली. आणि आपल्या मुंबईत 13 मे 2024 ला असंच धुळीचं वादळ आलं, तेव्हा घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा मोठा फलक पडून 17 जण गेले. म्हणून पत्र्याचं छप्पर, कच्ची भिंत, फलक, विजेचा खांब यांच्याजवळ थांबायचं नाही. पक्की खोली असेल तर तिच्यात, खिडकीपासून लांब. उघड्यावर सापडलात तर वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा, डोकं पदरानं झाका, लेकराचं तोंड छातीशी घ्या.

दादांनी सांगितलेली एक गोष्ट घरच्या पुरुषमंडळींना जरूर सांगा. रस्त्यावर धुळीनं दिसेनासं झालं, तर गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली उतरवायची, हँडब्रेक लावायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा आणि सगळे दिवे बंद करायचे. दिवे का बंद, मी विचारलं. ते म्हणाले, मागचा माणूस लाल दिव्याला रस्ता समजून त्याच्यामागे येतो आणि येऊन धडकतो. मोटरसायकलवाल्यानं तर थांबायचंच, पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणायचं नाही.

वादळ गेलं तरी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते. लगेच कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. डोळे चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. कोरोनातले जाड मास्क घरात असतील तर दमेकऱ्यांसाठी जपून ठेवा.

आमच्या नोंदवहीत आता एक पान वाढलं आहे: कुणाला दमा, कुणाला साखर, कुणाची कोणती गोळी. सहलीला निघताना मी ते वाचून दाखवते आणि ज्याचं औषध त्यानं अंगावरच ठेवायचं. मावशींनी त्या प्रसंगाबद्दल मला एका शब्दानंही बोल लावला नाही. फक्त परत आल्यावर कमरेच्या चंचीतली सुपारी बाहेर काढली आणि तिथे पंप ठेवला. सुपारी आता टपावर जाते.