आकडे गावापुढे मांडताना



भोर आणि वेल्हे (वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो) या तालुक्यांत पाण्याचे आकडे मुबलक आहेत आणि तितकेच फसवेही आहेत. वेळवंडी नदीवर १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर, तसेच नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणे याच परिसरातील होत. पावसाळ्यात येथील भातखाचरे तुडुंब भरतात. तरीही उन्हाळ्यात त्याच खोऱ्यांतील काही वाड्यावस्त्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, उतारावरून ते निघून जाते. तालुक्याचे सरासरी पर्जन्यमान वाचणाऱ्यास ही टंचाई दिसत नाही.

ती दाखविण्याचे काम शाळेतील मुले करू शकतात. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा उपक्रम १९९३ साली सुरू झाल्यापासून गावातीलच प्रश्न घेऊन त्याची पाहणी करण्याची रीत अनेक शाळांत रुजली. २०२०-२१ मध्ये नववीच्या अभ्यासक्रमात जलसुरक्षा हा विषय आला. विहिरीत दोरी सोडून पातळी मोजणे, घरोघरी जाऊन खेपा मोजणे ही कामे मुले हौसेने करतात. अडते ते मांडणीपाशी. रंगीत तक्ता तयार होतो, परीक्षकांपुढे पाठ केलेले भाषण होते, गुण पडतात आणि तक्ता कपाटामागे जातो. ज्यांच्या विहिरीत दोरी सोडली, त्यांना निष्कर्ष कळत नाही. ही उणीव काही नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची मोलाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली, तीही इंग्रजीत. त्या खेड्यातील किती शेतकऱ्यांना ती वाचता आली असती?

मांडणीत काय पणाला लागते हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानी येईल. एका गावात ६० घरे आहेत असे समजा. गावठाणातील ५० घरांना पाण्याच्या एका खेपेस १० मिनिटे लागतात. वरच्या धनगरवाड्यातील १० घरांना ७० मिनिटे. सरासरी निघते २० मिनिटे. हिशेब बिनचूक आहे. पण त्या गावात २० मिनिटे लागणारे एकही घर नाही. हा आकडा ग्रामसभेत वाचला गेला, तर गावाचे बरे चालले आहे असे सर्वांना वाटेल आणि धनगरवाड्याची मागणी यादीच्या तळाशी जाईल. मुलांनी खोटे काहीच सांगितलेले नसेल. म्हणूनच सरासरीच्या शेजारी सर्वांत दूरचे घर सांगण्याची सवय त्यांना लावली पाहिजे.

श्रोता बदलला की भाषा बदलावी, आकडा बदलू नये. परीक्षक विचारतील, मोजले कसे व केव्हा. त्यांना वही दाखवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. मुलांनीही त्याच महिन्यांत मोजल्यास तुलना करता येते. (मे महिन्यात शाळेस सुट्टी असते ही अडचण खरी, पण टंचाईचा महिनाही तोच.) गटविकास अधिकाऱ्यांना एक पानभर मजकूर पुरे: वस्तीचे नाव, घरांची संख्या, मोजणीची तारीख, मागणी. ग्रामसभेत मात्र स्तंभालेख उपयोगी पडत नाही. तेथे चावडीपुढच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढावा, विहिरींच्या जागी दगड ठेवावेत आणि मिनिटांऐवजी हंडे व खेपा सांगाव्यात. नकाशा चुकला असेल तर एखादी आजीबाई पुढे येऊन दगड सरकवील. तो बदल मुलांनी वहीत लिहून घ्यावा आणि पुन्हा जाऊन पाहावे.

याची तालीम वर्गातच व्हावी. शिक्षकाने संशयी सरपंचाची भूमिका घेऊन "हे तुला कोणी सांगितले?" असे दरडावून विचारावे. "हे आम्ही मोजलेले नाही" असे न लाजता उत्तर देणारा विद्यार्थी तयार झाला असे समजावे. कोणत्या घराने काय सांगितले ते मात्र नावानिशी चारचौघांत वाचू नये. विश्वासाने दिलेल्या माहितीची चावडीवर चर्चा झाली, तर पुढच्या वर्षी मुलांना त्या घराचे दार बंदच दिसेल.

वेळेचे भानही हवे. टंचाई आराखड्याचे टप्पे ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे असतात. मागील मे व ऑक्टोबर महिन्यांतील मोजणी हाती असेल, तर ती २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडता येते. एप्रिलचा टप्पा सुरू होण्यास तेव्हा दोन महिन्यांचा अवकाश असतो.