लीला चिटणीस : जाहिरातींतील चेहरा आणि पडद्यावरील आई

इ. स. १९४१ सालीं भारतांतील नियतकालिकांच्या वाचकांना एक नवलाची गोष्ट दिसली. लक्स साबणाच्या जाहिरातींतून तोंवर हॉलिवुडच्या नट्या आपल्या कांतीचें रहस्य सांगत असत. त्या वर्षीं त्यांच्या जागीं एक भारतीय नटी आली, आणि ती मराठी घरांतली होती. तिचें नांव लीला चिटणीस. ‘मॉडेल’ हा शब्द तेव्हां आपल्या घरांतून रूढ झाला नव्हता. परंतु आज त्या शब्दानें ज्या व्यवसायाचा बोध होतो, त्यांत पाऊल टाकणाऱ्या अगदीं आरंभींच्या भारतीय चित्रतारकांमध्यें लीलाबाईंची गणना करावी लागते. त्यांच्या चरित्राकडे केवळ कौतुकानें पाहून भागणार नाहीं. चेहऱ्याचें मोल स्त्रीला किती काळ पुरतें, आणि तें सरल्यावर तिच्यापाशीं काय उरतें, हा प्रश्न त्या चरित्रानें विचारला आहे.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ रोजीं धारवाड येथें झाला. माहेरचें आडनांव नगरकर. वडील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. लहान वयांतच त्यांचा विवाह डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशीं झाला. डॉक्टर वयानें त्यांच्याहून बरेच वडील होते. या दांपत्याला चार मुलें झालीं. देशाच्या चळवळीविषयीं दोघांनाही आस्था होती. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांना या घरानें आश्रय दिला होता, आणि असा आश्रय देणें म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणें होतें. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. लीलाबाई पदवीधर होत्या. त्यांनीं शाळेंत शिकविलें, नाटकांत कामें केलीं, आणि अखेर त्या चित्रपटाच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्या दाराशीं त्यांना आणणाऱ्या कारणांमध्यें हौसेपेक्षां संसाराची गरज मोठी होती.

तें दार ओलांडणें त्या काळीं किती अवघड होतें, याची कल्पना आज सहज येत नाहीं. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना स्त्री मिळाली नाहीं. साळुंके नांवाच्या तरुणानें ती भूमिका केली. त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, परंतु पांढरपेशा समाजाची नजर तेवढ्यानें बदलली नाहीं. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हां मुंबईच्या प्रतिष्ठित घराण्यांतली स्त्री या व्यवसायांत येऊं शकते हें लोकांनीं पाहिलें. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या. याच नाट्यमन्वंतरांत लीलाबाईंच्या अभिनयाची घडण झाली. नव्या वळणाचें, संयत आणि बोलण्याच्या स्वाभाविक लयीला धरून असलेलें काम त्या तेथें शिकल्या, आणि तीच पुंजी त्यांना जन्मभर पुरली.

चित्रपटांत मात्र त्यांचा आरंभ किरकोळ कामांनीं झाला. १९३७ च्या ‘जंटलमन डाकू’मध्यें त्यांनीं पुरुषवेष धारण केला, तेव्हां महाराष्ट्रांतील पहिली पदवीधर कुलीन नटी अशी त्यांची प्रसिद्धि करण्यांत आली. १९३८ सालीं सोहराब मोदी यांच्या ‘जेलर’मध्यें त्यांना महत्त्वाची भूमिका मिळाली. १९३९ सालीं बॉम्बे टॉकीजनें त्यांना ‘कंगन’मध्यें नायिका केलें. तोंवर त्या संस्थेची नायिका म्हणजे देविका राणी असें समीकरण होतें. त्यांच्या जागीं उभें राहणें ही सामान्य परीक्षा नव्हती. लीलाबाई तींत उत्तीर्ण झाल्या. ‘कंगन’ मागून १९४० सालीं ‘बंधन’ आणि १९४१ सालीं ‘झूला’ आला. तिन्ही चित्रपटांत नायक अशोककुमार होते, आणि तिन्ही चित्रपट लोकांनीं डोक्यावर घेतले. डोळ्यांनीं बोलण्याची कला आपण लीलाबाईंपासून शिकलों, असें अशोककुमार यांनीं पुढें मोकळेपणानें मान्य केलें. तेव्हां लीलाबाईंचें वय तिशीच्या पुढें गेलें होतें आणि त्या चार मुलांच्या आई होत्या. प्रेक्षकांना त्यांत कांहींच खटकलें नाहीं.

साबणाची जाहिरात आली ती याच वर्षांत. लीव्हर ब्रदर्स या विलायती कंपनीनें १९३३ सालीं भारतांत स्वतंत्र कंपनी स्थापन केली होती आणि आपला माल येथील मध्यमवर्गीय घरांत नेण्याचा तिचा उद्योग चालू होता. परदेशीं नटीचें गोरें रूप वाचकाला मोहवीत असेल. परंतु ‘ही आपल्यापैकींच आहे’ असें तें रूप सांगूं शकत नव्हतें. लीलाबाईंचा चेहरा तें सांगूं शकत होता. त्या शिकलेल्या होत्या, प्राध्यापकाच्या घरीं जन्मल्या होत्या, आणि पडद्यावर त्यांचें रूप पदर सांवरून बसणाऱ्या सालस मुलीचें होतें. साबण विकावयास सौंदर्य लागतें हें खरें. परंतु तो गृहस्थाच्या न्हाणीघरांत न्यावयाचा तर सौंदर्याला प्रतिष्ठेची जोड लागते. ती प्रतिष्ठा लीलाबाईंनीं स्वतःच्या शिक्षणानें मिळविली होती, आणि तिचा लाभ साबणाला झाला.

मुंबईपासून शेंकडों मैल दूरच्या गांवांत या जाहिरातीचा अर्थ आणखी वेगळा होता. वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्यांत घाटंजी हें आज तालुक्याचें गांव आहे. भोंवतालचा मुलुख कापसाचा. १९४१ सालीं हा भाग मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांत मोडत असे. अशा आडबाजूच्या गांवच्या माणसाला बोलपट पाहावयाचा तर पुष्कळदां मोठें गांव गांठावें लागे. मासिकाचा किंवा साप्ताहिकाचा अंक मात्र टपालानें घरीं येऊं शके. अर्थात् नटी पडद्यावर दिसण्याच्या आधीं तिचें छायाचित्र घरांत येऊन पोंचे. जेथें नटीचें नांव मुलींच्या देखत काढणें प्रशस्त मानीत नसत, तेथेंही तिचें चित्र छापलेला अंक बैठकींत पडून राहण्यास हरकत नसे. चेहरा असा घरांत शिरला. परंतु घाटंजीच्या एखाद्या मुलीनें ‘मीही हें काम करीन’ असें म्हटलें असतें, तर त्याच बैठकींत केवढा गहजब झाला असता! चित्र चालतें, पण चित्रामागची स्त्री चालत नाहीं, हा दुटप्पीपणा समाजानें पुष्कळ वर्षें निभावून नेला. लीलाबाईंना तो सोसावा लागला, आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकींनाही.

यानंतर व्यवसायानें आपला हिशेब मांडला. १९४५ च्या सुमारास नायिकेच्या भूमिका येणें कमी झालें. १९४८ सालीं ‘शहीद’ हा चित्रपट आला. त्यांत दिलीपकुमार नायक होते आणि त्यांची आई झाल्या होत्या लीला चिटणीस. आई व मुलगा यांच्या खऱ्या वयांत अंतर होतें तेरा वर्षांचें. १९५१ च्या ‘आवारा’मध्यें त्या राज कपूर यांची आई झाल्या, तेथें अंतर पंधरा वर्षांचें. १९४१ सालीं जिच्या कांतीचा दाखला देऊन साबण विकला जात होता, ती स्त्री अवघ्या सात वर्षांत खोकणारी, शिवण शिवणारी, पोराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली म्हातारी झाली.

वय झालें, काळ बदलला, त्यास इलाज काय, असें कोणी म्हणेल. त्यानें हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. अशोककुमार लीलाबाईंहून वयानें केवळ दोन वर्षांनीं लहान. १९४९ सालीं त्याच बॉम्बे टॉकीजनें ‘महल’ हा चित्रपट काढला. त्याचे नायक अशोककुमारच होते आणि त्यांच्या समोर नायिका होती सोळा वर्षांची मधुबाला. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्येंही तीच जोडी नायक-नायिका म्हणून दिसली. जें वय स्त्रीला आई करून कोपऱ्यांत बसवितें, तेंच वय पुरुषाला नायकपदावर शोभतें, असा हा न्याय. तो निसर्गानें घालून दिलेला नाहीं. तिकीट विकणाऱ्यांनीं तो ठरविला, आणि तिकीट घेणाऱ्यांनीं त्याला संमति दिली. त्यांत आपल्या सर्वांच्या आजोबा-आजींचा, आईवडिलांचा आणि आपलाही वांटा आहे.

लीलाबाईंचा मोठेपणा असा कीं, वांट्यास आलेली भूमिका त्यांनीं तोंड वांकडें करून केली नाहीं. हिंदी चित्रपटांतील सोशिक आईचें जें रूप पुढें दोन पिढ्यांच्या मनांत ठसलें, तें घडविण्यांत त्यांचा हात मोठा आहे. ‘आवारा’च्या पूर्वभागांत त्या न्यायाधीशाच्या तरुण पत्नीच्या रूपांत दिसतात आणि उत्तरभागांत पतीनें टाकलेल्या दरिद्री मातेच्या रूपांत. रंगभूषा बदलते हें तर खरेंच, पण चालणें, आवाजाची पट्टी आणि हातांचा थरकांपही बदलतो. १९६१ च्या ‘गंगा जमना’मध्यें आणि १९६५ च्या ‘गाइड’मध्यें त्यांनीं आईचीं निरनिराळीं रूपें उभीं केलीं. जाहिरातींतला चेहरा १९४१ सालींच राहिला. नाट्यमन्वंतरांत कमावलेली कला मात्र आणखी चाळीस वर्षें त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांनीं अभिनयाबाहेरही हात चालवून पाहिला. १९४२ सालीं ‘किसीसे ना कहना’ या चित्रपटाच्या त्या निर्मात्या झाल्या. १९५५ सालीं ‘आज की बात’ हा चित्रपट त्यांनीं दिग्दर्शित केला. या उद्योगांनीं त्यांचा उत्कर्ष झाला असें म्हणतां येणार नाहीं. दुर्गा खोटे यांनीं पुढें स्वतःची संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट तयार केले, व कॅमेऱ्यासमोरची स्त्री कॅमेऱ्यामागेंही बसूं शकते हें दाखवून दिलें. लीलाबाईंना तें स्थैर्य लाभलें नाहीं. परंतु दोघींची धडपड एकाच दिशेची होती: दुसऱ्यानें आपला चेहरा विकण्याऐवजीं स्वतःचें काम स्वतःच्या हातीं असावें.

पुढील पिढ्यांत या व्यवसायाचा क्रम उलटला. लीलाबाईंना आधीं कीर्ति मिळाली व मग जाहिरात. पुढें जाहिरात आधीं आणि चित्रपट मागून असें होऊं लागलें. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’मध्यें पोहण्याच्या पोषाखांत दिसून ज्यांनीं खळबळ उडवून दिली, त्या मीनाक्षी शिरोडकर यांची नात नम्रता शिरोडकर १९९३ सालीं ‘मिस इंडिया’ झाली आणि मॉडेलिंगमधून चित्रपटांत गेली. सोनाली बेंद्रे हिनेंही तोच मार्ग धरला; १९९४ सालीं तिचा ‘आग’ हा चित्रपट आला. २०१८ सालीं कर्करोगानें गांठलें असतां उपचारांत केस गेलेलें आपलें मस्तक तिनें लोकांपासून लपविलें नाहीं. तीं छायाचित्रें तिनें आपण होऊन प्रसिद्ध केलीं. ज्या व्यवसायानें स्त्रीला सदैव तजेलदार दिसण्याची सक्ति केली, त्याच व्यवसायांतल्या स्त्रीनें हें धैर्य दाखवावें, ही लहान गोष्ट नव्हे.

आज घाटंजीच्या मुलीला मुंबई पूर्वींइतकी दूर नाहीं. हातांतल्या दूरध्वनीवर तिचें छायाचित्र क्षणांत जगभर जाऊं शकतें. तिनें या वाटेला जाऊंच नये असें म्हणणाऱ्या घरांनीं लीलाबाईंचें चरित्र वाचावें. प्रामाणिक श्रमाची भाकर कोणत्या मोलानें मिळते तें त्यांना कळेल. आणि जाऊं इच्छिणाऱ्या मुलीनेंही तें वाचावें. चेहऱ्याचा करार थोड्या वर्षांचा असतो आणि त्याच्या अटी दुसरे लिहितात. म्हणून पदवी, एखादी कला आणि स्वतःच्या नांवावरची मिळकत यांची तजवीज आधीं करावी, हा व्यवहार तिला त्यांतून शिकतां येईल.

लीलाबाई उतारवयांत मुलांकडे अमेरिकेस गेल्या आणि १४ जुलै २००३ रोजीं कनेक्टिकट राज्यांतील डॅनबरी येथें त्यांचें निधन झालें. त्या वेळीं त्यांचें वय त्र्याण्णव होतें. त्यांचीं छायाचित्रें दुसऱ्यांनीं घेतलीं, त्यांचे संवाद दुसऱ्यांनीं लिहिले, त्यांच्या नांवानें साबण दुसऱ्यांनीं विकला. परंतु १९८१ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘चंदेरी दुनियेंत’ हें मराठी आत्मचरित्र त्यांचें स्वतःचें आहे. गांवोगांवच्या वाचनालयांनीं तें शोधून आपल्या कपाटांत ठेवावें आणि आई व मुलगी यांनीं तें मिळून वाचावें.