युरोपचं तिकीट महाडहून मोजा

आजचा विषय आपल्या महाड-पोलादपूरकडच्या बऱ्याच घरांत चाललेला आहे. पोरगी जर्मनीत मास्टर्सला, नाहीतर पोरगा ॲमस्टरडॅमला नोकरीला, आणि आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार. ॲपवर दोन तिकिटं दिसतात. एक स्वस्त, दुसरं माणशी आठ-दहा हजारांनी महाग. दोघांचे मिळून वीस हजार वाचतायत म्हटल्यावर बोट आपोआप स्वस्त तिकिटाकडे जातं. जाऊ दे, पण बटण दाबायच्या आधी हे ऐका.

मुंबईहून थेट युरोपला जाणारी खरी बजेट विमानं तशी मोजकीच. जुलै 2025 मध्ये इंडिगोने मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-ॲमस्टरडॅम सुरू केलं, नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोईंग 787 वर. गंमत म्हणजे या बजेट कंपनीच्या विमानात गरम जेवण तिकिटातच धरलेलं होतं. आणि उलट, काही नावाजलेल्या फुल-सर्व्हिस कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅगच नसते, सीट निवडायचेही पैसे पडतात. म्हणून कंपनीचं नाव बघून निवांत होऊ नका. भाड्याच्या खाली बारीक बॅगेचं चित्र असतं, ते दाबून बघा. आई-बाबा म्हणजे मसाले, पापड, चिवडा, लाडू आलेच. 23 किलोची बॅग नंतर वेगळी घेतली की वाचलेले आठ हजार कुठे गेले ते कळतही नाही.

मोठी कंपनी बुडत नाही, असंही काही नाही हं. आइसलँडची वॉव एअर डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीला आली आणि मार्च 2019 च्या शेवटी बंद पडली. ती बजेटवाली. आणि मुंबईहून लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅमला जाणारी आपली जेट एअरवेज, चांगली फुल-सर्व्हिस, 17 एप्रिल 2019 ला थांबली. तीन आठवड्यांच्या आत दोन्ही!

मग बघायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यात आधी: सगळा प्रवास एका पीएनआरवर आहे का?

ॲपवर जे अगदीच स्वस्त दिसतं, त्यावर पुष्कळदा 'सेल्फ ट्रान्सफर' असं छोट्या अक्षरात असतं. म्हणजे मुंबई ते आखातातलं एखादं शहर हे एक तिकीट, आणि तिथून युरोपपर्यंत दुसऱ्याच कंपनीचं दुसरं. पहिलं विमान चार तास लेट झालं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत. तिकीट गेलं. शिवाय मधे बॅगा घेऊन परत चेक-इन करायचं, त्यासाठी इमिग्रेशन पार करायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तुम्ही पंचवीस वर्षांचे असाल तर निभावून न्याल. पण इंग्रजी न येणाऱ्या साठीतल्या माणसाला रात्री तीन वाजता परक्या विमानतळावर हे करायला लावू नका. एकाच पीएनआरवर असेल तर पुढचं विमान चुकल्यावर दुसऱ्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि बॅग शक्यतो थेट शेवटपर्यंत जाते.

आता आपला खास मुद्दा. ॲप हिशोब मुंबई विमानतळापासून करतं. आपला प्रवास पोलादपूरच्या स्टँडपासून सुरू होतो. माणगाव-इंदापूरला किती वेळ अडकणार हे कुणी सांगावं? गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे जाणारी रांग तुम्ही पाहिलीच आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात तर महाडला ये-जाच बंद होती. चेक-इन काउंटर मात्र विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो. आणि इथे एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो: जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र असेल आणि जातानाचं विमान न कळवता चुकलं, तर परतीचंही बहुधा रद्द होतं. आमच्या कोडिंगच्या भाषेत, पहिली स्टेप फेल तर पुढचं काहीच रन होत नाही. म्हणून तिकीट घेताना 'तारीख बदलायला किती' आणि 'नो-शो झाल्यास काय' या दोन ओळी वाचाच. जून ते सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर तारीख बदलता येणाऱ्या भाड्यासाठी चार-पाच हजार जास्त गेले तरी मी देईन. सीट, जेवण, सिनेमा यासाठी नाही देणार.

अजून एक, युरोपियन युनियनचा नियम 261/2004. युरोपियन युनियनमधून सुटणारं कुठलंही विमान, बजेट असो की महागडं, कंपनीच्या चुकीमुळे खूप उशिरा पोचलं तर भरपाई मिळते. 3500 किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ती 600 युरोपर्यंत जाते. म्हणजे परतीच्या प्रवासाला सगळेच या नियमात. पण मुंबईहून जाताना तो फक्त युरोपियन कंपन्यांना लागू आहे, भारतीय किंवा आखाती कंपन्यांना नाही. दोन तिकिटांत फरक थोडाच असेल तर मी हे बघून ठरवेन.

युरोपात पोचल्यावर मात्र बजेट विमानं बिनधास्त घ्या, फक्त पाठीवर एक छोटी बॅग असेल तर. रायनएअरला ऑनलाइन चेक-इन विसरलात तर काउंटरवर बऱ्यापैकी दंड बसतो. विमानतळ कुठे आहे तेही बघा. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून 85 किलोमीटरच्या आसपास आहे, फ्रँकफर्ट-हान तर शंभरच्याही वर. महाडला यायला वीर स्टेशनवर उतरणारे आपण, आपल्याला सवय आहे, पण हे म्हणजे मुंबई म्हणून नागोठण्याला उतरवल्यासारखं! आणि मधेच स्वस्तात लंडनला जाऊन यायचं असेल तर यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, शिवाय शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा नसेल तर परत आत घेणार नाहीत.

बॅगेबद्दल राहिलंच. आगळाची बाटली हातातल्या बॅगेत टाकू नका, 100 मिलीच्या वरचं द्रव सिक्युरिटीला काढून घेतात. पेढे, तूप, खवा तर नकोच. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत.

शेवटचं, तारखेचं. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, रात्री 2 वाजता असेल, तर घरून 14 ला दुपारी जेवून निघायचं. आणि तिकिटावर विमानतळाचा कोडही वाचा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ड्रायव्हरदादांना पनवेलच्या आधीच सांगून ठेवा, कुठे जायचंय ते.