बेंजो घरघरतो तेव्हा

मिरवणुकीत कळा दाबून, तारा छेडून वाजवतात तो बेंजो गारगोटीच्या आमच्या बचत गटाकडेही आहे. त्याच्या जुन्या वायरी तुटायला आल्या म्हणून आम्हीच नव्या घातल्या. ॲम्प्लिफायरला जोडला आणि नुसती घरघर! तारांना हात लावला की आणखी वाढायची.

एकीने सुचवलं, प्लगची जाड पिन काढा, थांबेल. कधी कधी थांबतेही, म्हणून तर लोक काढतात. पण ती अर्थिंगची पिन. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो जमिनीत न जाता तारांतून वाजवणारीच्या बोटांत येतो. बायांनो, ती पिन काढायची नाही.

मग सगळं बंद करून बेंजो उघडला. पिकअपच्या वायरीत मधे एक तार असते, भोवती जाळी. मधली तार जॅकच्या टोकाला, जाळी मागच्या भागाला. आम्ही नेमके उलटे डाग दिले होते! वाजवायच्या तारा त्याच जाळीला जोडलेल्या, म्हणून हात लावला की आवाज वाढे.

डाग बदलले, घरघर गेली. बारीक गुणगुण उरली. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, ती पिकअप पकडतो. बेंजो ट्यूबलाईट आणि विजेच्या वायरींपासून लांब नेल्यावर तीही कमी झाली.

पुढच्याच कार्यक्रमाला वायरमनदादांकडून मांडवातला बोर्ड तपासून घेतला. अर्थिंगच नव्हतं. त्या दिवशी बेंजो पेटीतच राहिला, आम्ही ढोलकीवर गाणी म्हटली.