मुळशीचे पाणी आणि मुळशीची माहिती : स्वागताध्यक्षीय भाषण



मराठी संकेतस्थळे चालविणाऱ्या, त्यांवर लिहिणाऱ्या आणि ती वाचकांस सापडावीत म्हणून अहोरात्र खटपट करणाऱ्या मंडळींची ही परिषद पुण्यामुंबईस न भरता पौडसारख्या तालुक्याच्या गावी भरावी, आणि तिचे स्वागताध्यक्षपद, ज्याचा जन्म भाताच्या खाचरांत व सहकारी सोसायटीच्या दप्तरांत गेला अशा माझ्यासारख्या माणसाकडे यावे, यात माझ्या योग्यतेपेक्षा आपल्या औदार्याचा भाग अधिक आहे. तरीही हे पद मी स्वीकारले, कारण दारी आलेल्या पाहुण्यास पाणी विचारण्यासाठी विद्वत्ता लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

आमचा तालुका पूर्वीच्या मावळांपैकी. पश्चिमेस ताम्हिणीचा घाट उतरला की कोकण लागते. पूर्वेस पिरंगुट आणि भूगाव ओलांडले की पुणे. आणि ज्या हिंजवडी व माण या गावांच्या शिवारांत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, ती गावेही याच मुळशीच्या हद्दीतली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या नोकरीचा सातबारा, जरा शोध घेतल्यास, आमच्याच तहसील कचेरीत निघेल. घनगडासारखा दुर्ग, चार महिने थांबण्याचे नाव न घेणारा पाऊस आणि शिजताना शेजारच्या घरास वर्दी देणारा आंबेमोहोर, या आमच्या जुन्या इस्टेटी. त्यांचे वर्णन करू लागलो तर पहिल्या सत्राची वेळ मीच खाऊन टाकीन, म्हणून त्यांची केवळ नोंद करून जी गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवणार नाही तिकडे वळतो.

येथून पश्चिमेस गेल्यावर जो विस्तीर्ण जलाशय लागतो आणि ज्याच्या काठी सुटीच्या दिवशी पुण्याची निम्मी वाहने उभी असतात, त्याच्या तळाशी मुळा नदीच्या खोऱ्यातील गावे, देवळे आणि उत्तम भाताची जमीन आहे. टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी येथे धरण बांधण्याचे योजिले, मालकांस न विचारता त्यांच्या रानांत चाचणीचे चर खणण्यास आरंभ केला, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ सरकारने कंपनीच्या पाठीशी उभे केले. तेव्हा बावन्न गावांच्या मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ ही प्रतिज्ञा करून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह पुकारला. डॉ. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली, आणि त्यांचे नाव पुण्यात व मुंबईत मोठमोठ्या रस्त्यांस लाभले, हे योग्यच झाले.

परंतु माझ्या मनात सदैव घर करून राहिलेले नाव विनायक महादेव भुस्कुटे यांचे आहे. पुण्याचा हा तरुण काँग्रेस कार्यकर्ता आमच्या खोऱ्यात आला, जमिनीवरून उठविल्या जाणाऱ्या कुळांच्या बाजूस उभा राहिला, आणि या अडाणी म्हणून हिणविलेल्या माणसांस त्याने संघटित केले. पुढे जमिनी गहाण धरून बसलेल्या सावकारांस मोबदल्याची गोडी लागली, लढ्यात फूट पडली, धरण पुरे झाले आणि १९२७ पासून घाटाखालील भिऱ्याच्या विद्युत्गृहात वीज निर्माण होऊ लागली. लढा हरला, परंतु भुस्कुट्यांनी हातात लेखणी घेऊन ‘मुळशी सत्याग्रह’ हा त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. त्यांनी तो लिहिला नसता, तर आमच्या आज्यापणज्यांची कैफियत आज आम्हांस सरकारी दप्तरांत, म्हणजे प्रतिपक्षाच्या तोंडून, वाचावी लागली असती.

आता आपण म्हणाल की याचा आमच्या परिषदेच्या विषयाशी संबंध काय? संबंध बारीक आहे हे मी मान्य करतो, परंतु तो आहे. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहणारे. धरणाने ते अडविले, बोगद्यातून पश्चिमेस वळविले, कड्याखाली भिऱ्यास उतरविले आणि दिवे लागले मुंबईत. आपल्या क्षेत्रात आज जे चालले आहे ते माझ्या चिरंजीवांनी मला समजावून दिले तेव्हा मला हीच वळविलेली नदी आठवली.

आजवर शोधयंत्र वाट दाखवीत असे. १९९८ साली गूगल निघाले तेव्हा ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते पान श्रेष्ठ, असा त्याचा मुख्य न्याय होता. त्याबरोबर दुवे विकत घेणारे आणि एकच शब्द पानभर पेरणारे उद्योगी लोकही निपजले. २०११ चे पांडा आणि २०१२ चे पेंग्विन हे गूगलचे बदल निकृष्ट लिखाणाच्या आणि अशा उद्योगांच्या बंदोबस्तासाठी आले. २०१९ च्या बर्ट या प्रणालीने शब्दांच्या जुळणीपलीकडे जाऊन वाक्याचा आशय ओळखण्याचे तंत्र आणले, आणि २०२२ च्या अखेरीस गूगलने आपल्या परीक्षकांच्या कसोट्यांत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवासही स्थान दिले. इथपर्यंत सारे बदल वाट अधिक बिनचूक दाखविण्याचे होते. परंतु ऑगस्ट २०२४ पासून भारतात इंग्रजी व हिंदीत शोधणाऱ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले आयते उत्तर पानाच्या माथ्यावरच मिळू लागले. चॅटजीपीटीसारखी साधने तर प्रश्नास थेट उत्तरच देतात. उत्तर अनेक संकेतस्थळांच्या लिखाणावर उभे असते, खाली दुवेही असतात. पण तहान तेथेच भागल्यावर पुढच्या विहिरीपर्यंत चालत कोण जाणार? लिहिणाऱ्याच्या अंगणातून पाणी गेले, दिवा अन्यत्र लागला.

माझे म्हणणे एवढेच की, हे धरण आपल्याला अडविता येणार नाही. परंतु पाण्यावर नाव कोणाचे राहील हे अद्याप आपल्या हाती आहे. त्यासाठी पहिली गोष्ट, आमच्या तालुक्यातील कृषिपर्यटन केंद्रांच्या चालकांस ‘तुमचे नाव पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे छातीठोक सांगणाऱ्यांचे दूरध्वनी नित्य येतात. असा हवाला कोणीही देऊ शकत नाही हे खुद्द गूगलनेच जाहीर केलेले आहे, ही गोष्ट या परिषदेने मराठीत, ठळक अक्षरांत प्रसिद्ध करावी. दुसरी गोष्ट, यंत्रास शंभर ठिकाणी असलेले वर्णन पुन्हा नको आहे. ताम्हिणीत कोणत्या पंधरवड्यात दरड कोसळते, आंबेमोहोराची लावणी केव्हा होते, पाण्याखाली गेलेल्या कोणत्या गावचा देव आता कोठे बसतो, हे येथील माणसालाच ठाऊक आहे, आणि जे अन्यत्र नाही त्यासाठी यंत्रासही मूळ ठिकाणाकडेच यावे लागते.

आणखी एक बाब. मराठी मुद्रण संगणकावर आले ते बहुतांशी अशा फाँटांतून, की पडद्यावर मराठी दिसे पण यंत्रास ती निरर्थक रोमन अक्षरे वाटत. वर्तमानपत्रांचे, दिवाळी अंकांचे आणि ग्रामपंचायतींच्या अहवालांचे कित्येक वर्षांचे मराठी अशा रीतीने शोधयंत्रांच्या दृष्टीआड राहिले. ते युनिकोडात आणणे हे भुस्कुट्यांच्या लेखणीइतकेच महत्त्वाचे काम आहे. मराठीत उत्तर रचणारे यंत्र मराठीत जे सापडेल त्याचा आधार घेईल; आपण काही ठेवले नाही तर दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत आपल्याविषयी जे लिहिले त्याचेच भाषांतर आपल्या नातवंडांच्या पदरी पडेल.

आता व्यवस्थेविषयी. ती यथास्थित आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुण्याच्या चांदणी चौकापासून पौडपर्यंतच्या रस्त्याने आपली जी परीक्षा पाहिली तिच्याबद्दल मी प्रथम क्षमा मागतो. निवासाच्या खोल्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत, आणि काहींस अपरिचित प्रतिनिधीबरोबर खोली वाटून घ्यावी लागली आहे. मोबाईलची रेंज सभागृहाच्या उत्तरेकडील खिडकीपाशीच बरी येते. शोधयंत्रांवरील परिषदेत ही उणीव किती बोचरी आहे याची मला जाणीव आहे. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने जनित्राची तजवीज केली आहे. ज्या तालुक्याने आपली गावे बुडवून मुंबईस वीज दिली त्याच्या स्वागताध्यक्षाने जनित्र भाड्याने आणावे, यावर मी भाष्य करीत नाही. भोजनात तिखट अधिक वाटल्यास वाढपी मंडळींस निःसंकोच सांगावे.

या यज्ञास हातभार लावणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. सभागृह विनामूल्य देणारे मंगल कार्यालयाचे मालक. दोन दिवसांचा तांदूळ पोहोचविणारे भातगिरणीवाले आणि नाव जाहीर न करण्याच्या अटीवर डाळ, गूळ व तेलाचा भार उचलणारे पेठेतील व्यापारी. पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी. व्यासपीठ सजविणारे रोपवाटिकाचालक. पाहुण्यांसाठी जीपगाड्या रुजू करणारे तरुण. हिंजवडीहून रजा काढून ध्वनिक्षेपक आणि पडदा सांभाळणारी आमची लेकरे. आणि वर्गणीची पावती फाडताना ‘पुन्हा या’ म्हणणारे असंख्य ग्रामस्थ, या सर्वांचे मी जाहीर आभार मानतो. ज्यांचा उल्लेख अनवधानाने राहिला असेल त्यांनी तो माझ्या वयाचा दोष समजावा.

परत जाण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या गावाविषयी, अन्यत्र कोठेही नाही अशी एक खरी माहिती, मराठीत, युनिकोडात आणि आपल्या नावानिशी लिहून प्रसिद्ध करण्याचा संकल्प येथे सोडावा, एवढी स्वागत समितीची दक्षिणा मी मागतो. आपले पुनश्च स्वागत करून परिषदेचे कामकाज आरंभावे अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो आणि आपली रजा घेतो.