डावीकडे धरलेली बासरी



शाळेत असताना मी कधी स्टेजवर आले नाही. आज माझ्या हाती माइक दिलात, हे धाडस तुमचंच! बोलणार आहे बासरीवर. मला ती वाजवता येत नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत रात्री जागताना ऐकायची सवय तेवढी लागली.

बासरी म्हटलं की आपल्याला कृष्ण आठवतो, नाहीतर जत्रेतली छोटी पिपाणी. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांना मात्र तिच्यावर ख्याल वाजवायचा होता, आणि तो छोट्या बासरीत मावेना. म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी केली, करंगळीसाठी सातवं भोक पाडलं. तिचा खर्ज ऐकताना कुणी गवई गातोय असं वाटतं. बासरीला पडदे नाहीत, किल्ल्या नाहीत. बोट भोकावरून सावकाश सरकलं की मींड निघते. फुंक जराशी बदलली की तोच स्वर रुसतो, तोच हसतो.

हरिप्रसाद चौरसिया तर कोल्हापूरकरांना आपलेच वाटावेत. अलाहाबादच्या पहिलवानाचा हा मुलगा. वडिलांना पोरगा आखाड्यात हवा होता, हा चोरून बासरी शिकला. पुढे सिनेमात नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे गेले. आधीचं सगळं विसरून ये, ही त्यांची अट. हरिप्रसादांनी उजवीकडे धरायची बासरी डावीकडे घेतली आणि पुन्हा 'सा'पासून सुरुवात केली.

आपल्या गावानेही असा माणूस पाहिलाय. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँसाहेब! त्यांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. तेच आपलं जयपूर-अत्रौली घराणं.

हे आज सांगण्याचं कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या कामाची पद्धतच बदलली. वीस वर्षं बोटांवर होतं ते जुनं झालं. पंचविशीतल्या पोरांशेजारी बसून मी पहिला धडा गिरवतेय. तुमच्यातही कुणी धंदा, कुणी नोकरी, कुणी आजारपणानंतर चालणं नव्याने शिकत असेल. घरी गेल्यावर 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) लावा आणि हरिप्रसादांची बासरी ऐका.

आणि बाई, चुकलेली ओळ तुम्ही आमच्याकडून पुन्हा पहिल्यापासून लिहून घ्यायचात. तेव्हा राग यायचा. आता ती सवय फार कामी येतेय.